तुम्ही विचारलंत म्हणून: बारा भागांत पात्रं उभी राहतात का?

अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन मालिका) बघायला लागलेला जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो: बारा भागांत पात्रं उभी राहतात, की सरळ मोठी मालिकाच धरावी? भागांचा नुसता आकडा बघून उत्तर मिळत नाही. आधी एक भागाकार करा. मूळ मांगाची, म्हणजे जपानी चित्रकथेची, किती प्रकरणं एका भागात बसवलीत, ते काढा.

भाग साधारण २४ मिनिटांचा. सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं प्रत्येकी दीड मिनिट घेतं, म्हणजे गोष्टीला उरतात जेमतेम २१ मिनिटं. जपानी टीव्हीवर तीन महिन्यांच्या हंगामाला ‘कूर’ म्हणतात. त्यात ११ ते १३ भाग मावतात, म्हणजे गोष्टीला मिळाले सव्वाचार तास. साप्ताहिकातल्या मांगाचं प्रकरण १८-२० पानांचं असतं आणि अशी दोन-तीन प्रकरणं एका भागात नीट बसतात. मासिकातलं प्रकरण ४० पानांच्याही पुढे जातं, तिथे हिशेब पानांवर करायचा.

‘टोकियो घूल: रे’ची १७९ प्रकरणं २४ भागांत उरकली, म्हणजे भागाला साधारण साडेसात. मारामाऱ्या टिकल्या, कारण गोष्ट त्यांच्यावर पुढे सरकते. गेली ती दोन मारामाऱ्यांमधली पानं, जिथे माणसं नुसती बसून बोलतात. कापायला तीच सोपी असतात, आणि पात्र घडतं तेही तिथेच. मग पात्राचा निर्णय दिसतो, त्याआधीची घालमेल दिसत नाही. ‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’च्या पहिल्या सीझनने १२ भागांत ३७ प्रकरणं घेतली आणि ती घट्ट बसली. २०२१च्या दुसऱ्या सीझनला उरलेली १४४ प्रकरणं ११ भागांत गुंडाळायची होती. गोल्डी पाँडचा अख्खा टप्पा गळाला आणि त्याबरोबर युगोसारखं पात्रही.

उलट टोकाला ‘वन पीस’मधला ड्रेसरोझाचा टप्पा: १०२ प्रकरणांचे ११८ भाग. दर आठवड्याला चालणारी मालिका मांगाच्या पाठीला लागते, आणि थांबायची तर सोय नाही. मग मागच्या भागाची उजळणी लांबते, एकाच ठोशावर सात जणांचे आ वासलेले चेहरे एकेक करून दाखवले जातात. आपण ‘मालिकेत पाणी घालणं’ म्हणतो तेच हे. दुसरा उपाय फिलर, म्हणजे मांगात नसलेले भाग. ‘नारुतो’च्या २२० भागांपैकी १३६च्या पुढचे जवळजवळ सगळे असे आहेत. त्यात वेळ जातो ही तक्रार किरकोळ आहे. खरं नुकसान वेगळं: फिलर संपल्यावर पात्राला मांगाने सोडलं होतं त्याच जागी परत आणून ठेवावं लागतं. त्यामुळे पन्नास भाग सरले तरी त्याला काही शिकताच येत नाही.

बारा भागांसाठीच लिहिलेली मूळ कथा असेल, तर हाच आकडा बळ देतो. ‘माडोका मॅजिका’ (२०११) बघा. तिसऱ्या भागाच्या शेवटी मामी ही महत्त्वाची मुलगी मरते आणि मालिकेचा सूरच बदलतो. तिच्यासारखीच दुसरी मुलगी, होमुरा, नऊ भाग थंड, तुटक वागते आणि दहाव्या एकाच भागात तिचा सगळा भूतकाळ येतो. रोज सुरुवातीला वाजणारं गाणं त्या भागात शेवटी वाजतं, आणि तेव्हा त्याचे शब्द होमुराच्या तोंडचे वाटू लागतात. एका भागात पात्र इतकं उलगडतं, कारण आधीचे नऊ भाग त्याचीच पेरणी करत होते.

एकाच कथेवर दोन आकड्यांचा परिणाम बघायचा असेल तर ‘फुलमेटल अल्केमिस्ट’सारखं उदाहरण नाही. २००३ची मालिका ५१ भागांची, २००९ची ‘ब्रदरहुड’ ६४ भागांची. ब्रदरहुड मोठी, तरी सुरुवातीला तीच घाईत आहे, कारण गोष्टीचा हा टप्पा प्रेक्षकांनी सहा वर्षांपूर्वीच पाहिलेला होता. नीना टकर या छोट्या मुलीची गोष्ट ती चौथ्या एकाच भागात संपवते. ह्यूज हा लष्करी अधिकारी ब्रदरहुडमध्ये दहाव्या भागात मरतो, २००३मध्ये पंचविसाव्या. त्या जुन्या मालिकेत सहाव्या भागात त्याच्या मुलीचा, एलिसियाचा, जन्म होतो आणि तेव्हा कथेचे नायक, एड आणि अल हे दोघे भाऊ, त्याच घरात असतात. पुढे दफनाच्या वेळी ती चिमुरडी ‘बाबांवर माती का टाकता’ म्हणून रडते, तेव्हा तिला आपण जन्मापासून ओळखत असतो. ब्रदरहुडमध्येही हा प्रसंग रडवतो, पण ह्यूजची ओळख तोवर फार तर काही मिनिटांची झालेली असते.

पण ब्रदरहुडकडे पुढे जागा आहे. ह्यूजचा लष्करातला मित्र मस्टँग त्याच्या खुन्याला, एन्व्हीला, जाळायला निघतो आणि एड, मस्टँगची सहकारी हॉकआय आणि स्कार त्याला थोपवतात, तो ५४वा भाग. ह्यूजच्या मृत्यूनंतर तब्बल ४४ भागांनी. मधल्या भागांत इशवालचं युद्ध आणि हॉकआयच्या पाठीवरचं गोंदण येऊन गेलेलं असतं, म्हणून तिची बंदूक मस्टँगवर रोखली जाते तेव्हा काय पणाला लागलंय ते समजावून सांगावं लागत नाही.

तेव्हा वेळ असेल तर २००३चे पहिले २५ भाग बघा, मग ब्रदरहुड पहिल्यापासून लावा. सुरुवातीचे दहा-बारा भाग ओळखीचे वाटतील. ते गाळू नका, कारण ह्यूजचा खुनी कोण आणि कशासाठी, याचे धागे तिथूनच पुढे जातात.