तुम्ही विचारलंत म्हणून: लॉनच्या जागी हे रान कशाला?

गणपतीला येणाऱ्या पाहुण्यांपैकी कोणी ना कोणी गाडीतून उतरता उतरता विचारतंच, "लॉन काढून टाकलंत की काय?" आणि आरती झाल्यावर, जरा आवाज उतरवून, "की आता सांभाळणं होत नाही?" त्यांचंही बरोबर आहे. न्यू जर्सीत एडिसन-प्लेन्सबरोकडे घरांसमोर कापलेलं हिरवं गवत असतं, आणि आमच्या दारात सप्टेंबरात छातीएवढा गोल्डनरॉड, म्हणजे पिवळ्या तुऱ्यांचं इथलं रानफूल, पिवळाधमक होऊन वाटेवर झुकलेला. प्रसादाची वाटी हातात घेऊन सांगून होण्यासारखं हे उत्तर नाही, म्हणून लिहिते.

सुरुवात वाळूपासून करावी लागेल. आमचं गाव न्यू जर्सीच्या ओशन काउंटीत, बार्नेगट बेच्या काठाला. फावडं मारलं की खाली वाळू, तीही आम्लधर्मी. पाणी घातलं की थांबत नाही, खत घातलं की तेही थांबत नाही. नव्या घरांत बिल्डरने वर काळ्या मातीचा पातळ थर पसरून लॉनच्या गुंडाळ्या अंथरलेल्या असतात, त्यामुळे पहिली एक-दोन वर्षं हे लक्षात येत नाही. केंटकी ब्लूग्रास काय किंवा टॉल फेस्क्यू काय, ही गवतं युरोपातून आलेली, थंड आणि ओलसर हवेत खूश राहणारी. वाळूवर ती जगवायची तर चुना हवा, खत हवं, जुलै-ऑगस्टात रोज पहाटे स्प्रिंकलर हवा. एवढं करून ऑगस्टात पिवळी पडायची ती पडतातच.

बरं, ते खत जातं कुठे? खाडीत. बार्नेगट बे लांबट आणि उथळ आहे, समुद्राच्या बाजूने वाळूच्या बेटांनी जवळजवळ बंद केलेला. समुद्राकडे उघडणारी तोंडं मोजकी, म्हणून उन्हाळ्यात आतलं पाणी आठवडेच्या आठवडे आतच घोळतं. वाळूतून झिरपलेला नायट्रोजन शेवाळ वाढवतो, शेवाळ उजेड अडवतं, आणि तळाचं ईलग्रास, म्हणजे पाण्याखालचं गवत, मरत जातं. निळ्या खेकड्यांची पिल्लं लपतात ती त्याच ईलग्रासमध्ये. २०११ मध्ये राज्याने यासाठी कायदा केला: घरच्या लॉनला १५ नोव्हेंबर ते १ मार्च खत घालायचं नाही, आणि माती तपासून गरज दिसल्याशिवाय फॉस्फरस सहसा वापरायचा नाही. कायदा चांगलाच आहे. पण खत कमी घालण्यापेक्षा खत न मागणारी, इथली मूळची झाडं लावणं मला सोपं वाटतं. आवडीने खेकडे खाणाऱ्यांनी तरी एवढं करायला हरकत नाही.

तर झाडं. मला एकच लावायची परवानगी असती तर मी बेबेरी लावली असती. किनाऱ्यावरचं हे झुडूप खारा वारा अंगावर घेतं आणि निव्वळ वाळूत वाढतं. आपल्याकडे तूर-मूग मुळांवरच्या गाठींत जे करतात तेच हीसुद्धा करते, हवेतला नायट्रोजन मुळाशी आणते. फक्त जिवाणू वेगळा. पानं चुरगळली तर सुंदर वास येतो, आणि बहुधा त्यामुळेच हरणं तिच्या वाटेला फारशी जात नाहीत. (ज्यांच्याकडे हरणं येत नाहीत त्यांना या वाक्याची किंमत कळणार नाही.) राखाडी फळांवर मेणाचा थर असतो. जुन्या वसाहतींच्या काळात लोक ती फळं उकळून वर आलेल्या मेणाच्या मेणबत्त्या करत. हे मेण बहुतेक पक्ष्यांना पचत नाही, पण यलो-रम्प्ड वॉर्बलर नावाच्या चिमुकल्या पक्ष्याला पचतं. म्हणूनच त्याचे भाऊबंद थंडीत दक्षिणेला निघून गेले तरी त्याचे थवे आमच्या किनाऱ्यावर टिकून राहतात. जानेवारीत, सगळं करडं झालेलं असताना, खिडकीसमोर शेपटीच्या मुळाशी पिवळा ठिपका असलेले हे पक्षी बेबेरीवर तुटून पडलेले असतात. घेताना एक बघा, नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि फळं मादीलाच येतात. अमेरिकन हॉली, इंकबेरी, विंटरबेरी यांचंही तसंच. नर्सरीवाल्याला तेवढं विचारा; त्याला सांगता आलं नाही तर दुसरी नर्सरी गाठा.

ब्लूबेरी तुम्ही कॉस्टकोतून आणता, पण तिची शेती सुरू झाली ती आमच्यापासून फार लांब नाही, पाइन बॅरन्स नावाच्या पाइनच्या रानातल्या व्हाइट्सबॉगला. क्रॅनबेरीच्या मळेवाल्यांची मुलगी एलिझाबेथ व्हाइट आणि सरकारी कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी मिळून रानातल्या झुडपांपासून ती तयार केली. लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक १९१६ मध्ये बाजारात गेलं. तिला आम्लधर्मी जमीनच लागते, हे कोव्हिल यांनी आधी दाखवून दिलं होतं. एलिझाबेथबाईंनी आसपासच्या रानात फिरणाऱ्यांना सांगितलं, मोठ्यात मोठी फळं येणारी झुडपं शोधून द्या, आणि झुडपाला शोधणाऱ्याचं नाव दिलं. रूब लीक यांनी दाखवलेल्या झुडपाचं रुबेल झालं, आणि ते आजही विकत मिळतं. आमच्याकडे आहे. फळ बारीक, आंबटसर, मुरंब्याला फार छान. त्या झुडपांशेजारी लॉनसाठी चुना पसरणारे लोक पाहिले की माझा जीव तुटतो. नंतर तेच विचारतात, पानं पिवळी का पडली?

पाहुण्यांना सगळ्यात जास्त हसू येतं ते दूर्वांचं. हे सगळं 'रान' जमिनीत आणि दूर्वा मात्र कुंडीत! पण दूर्वा म्हणजे इथलं बर्म्युडा ग्रास. एकदा जमिनीत शिरलं की धावत सुटतं, आणि लॉनवालेसुद्धा त्याला तण म्हणून मारतात. बाप्पाला लागतात तेवढ्या कुंडीतून मिळतात.

उलट मारुतीला ज्या रुईच्या पानांची माळ घालतो, तिचे भाऊबंद इथले मूळचे रहिवासी आहेत. मिल्कवीड आणि रुई एकाच कुळातल्या. आपल्याकडे रुईवर प्लेन टायगर फुलपाखरू अंडी घालतं, इथे मिल्कवीडवर मोनार्क, आणि ही दोन्ही फुलपाखरंसुद्धा डॅनॉस या एकाच प्रजातीतली. मोनार्कच्या अळ्या मिल्कवीडशिवाय दुसरं काही खात नाहीत. कोरड्या वाळूसाठी त्यातलं बटरफ्लाय वीड घ्या, भगव्या फुलांचं. त्याचं सोटमूळ खोल जातं, म्हणून एकदा लावलं की हलवायचं नाही. वसंतात सगळ्यांच्या मागून उगवतं, तेव्हा जागेवर काठी रोवून ठेवा, नाहीतर रिकामी जागा समजून कोणीतरी तिथे फावडं मारेल. पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरात मेक्सिकोला निघालेले मोनार्क न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाला, केप मेकडे, जाताना आमच्या गोल्डनरॉडवर उतरतात. गोल्डनरॉडमुळे शिंका येतात असं म्हणू नका. त्याचे परागकण जड असतात, कीटकांच्या अंगावरून जातात. वाऱ्यावर उडतो तो त्याच दिवसांत फुलणाऱ्या रॅगवीड या तणाचा परागकण, पण त्याची फुलं हिरवी आणि नगण्य, म्हणून आळ येतो पिवळ्यावर.

"मग आम्हीही लावू का?" लावा की. पण आपल्या लोकांचा हात सैल असतो. रोप दिसलं की कंपोस्ट, रोज संध्याकाळी पाणी, महिन्याने शेणखताची पिशवी. वाळूतल्या झाडांचे हे लाड बाधतात. श्रीमंत मातीत गोल्डनरॉड आणि लिटल ब्लूस्टेम नावाचं इथलं गवत भराभर उंच होतात आणि पहिल्या वादळी पावसात आडवे पडतात. पहिल्या उन्हाळ्यात मूळ धरेपर्यंत पाणी द्या, नंतर हात मागे घ्या. मला विचाराल तर यात बी-रोपांपेक्षा हे हात मागे घेणंच अवघड आहे.

राहिले शेजारी. गवत किती इंच वाढू द्यायचं याचे नियम बहुतेक गावांत असतात, आणि वसाहतीतल्या घरमालकांची असोसिएशन असेल तर तिचे आणखी वेगळे. मेरीलँडने २०२१ मध्ये कायदा करून अशा बागांवर सरसकट बंदी घालण्यापासून असोसिएशनना रोखलं. आपण आपल्या नियमांची वही आधी वाचलेली बरी. मात्र नियमांपेक्षा नजर महत्त्वाची. रस्त्याकडेला दोन फूट कापलेल्या गवताची पट्टी ठेवा, मधून रुंद वाट काढा, बुटकी झाडं पुढे आणि उंच मागे. एवढ्याने लोकांना कळतं की इथे कोणीतरी लक्ष देतंय. रुंद वाटेचा दुसरा फायदा गोचिडांचा. पानं अंगाला घासत नाहीत, तरी आत आल्यावर मोजे आणि पोटऱ्या तपासायच्याच. जुन्या मालकाने लावलेली जपानी बार्बेरी असेल तर ती आधी उपटा; तिच्या दाट सावलीतली ओल गोचिडांना फार मानवते.

पूर्ण लॉन एका वर्षात काढायला जाऊ नका. ड्राइव्हवेच्या कडेची, जिथे गवत दरवर्षी मरतं, ती पट्टी घ्या. सप्टेंबर-ऑक्टोबर हा लावणीचा उत्तम काळ, जमीन अजून उबदार आणि ऊन उतरलेलं. गोल्डनरॉडची रोपं माझ्याकडून फुकट न्या, वाटेच्या फटीफटीतून उगवतात. कंपोस्टची पिशवी मात्र गाडीतच राहू द्या.