तुम्ही विचारलंत म्हणून: त्यांच्या इतिहासाशी माझा काय संबंध?

‘तुम्हाला काय पडलंय त्यांचं?’ मिसिसागातल्या मराठी घरांत हे मला कुणी ना कुणी विचारतंच. मी कॅनडातल्या आदिवासींविषयी वाचते, म्हणून. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: आपण स्वतःच इंग्रजांचे गुलाम होतो, आपण कुणाची जमीन बळकावली? नवी नवी इथं आले तेव्हा मीही हेच म्हणायचे. ते खोटं होतं असं आजही म्हणणार नाही. तेवढ्यावर भागत नाही, एवढंच.

गेल्या गणपतीत आरतीनंतर विषय निघाला आणि मी चेनी वेनजॅकची गोष्ट सांगितली. बारा वर्षांचा आदिवासी मुलगा. १९६६च्या ऑक्टोबरात ऑन्टारिओतल्या केनोराच्या, आदिवासी मुलांसाठीच्या निवासी शाळेतून पळाला. घर सहाशे किलोमीटरवर. अंगात पातळ जॅकेट, जवळ काचेच्या छोट्या बरणीत थोड्या आगकाड्या. रेल्वेच्या रुळांलगत चालत राहिला आणि तिथंच थंडीनं गेला. चौकशीच्या ज्यूरीलाही विचारावं लागलं, ही शिक्षणाची पद्धत बरोबर आहे का?

साताऱ्याकडचे एक काका होते. म्हणाले, “अहो, आम्हीपण बोर्डिंगातच वाढलो. छड्या खाल्ल्या, उपाशी झोपलो. त्या बोर्डिंगानंच माणसात आणलं.” सगळ्यांनी माना डोलावल्या. माझा आवाज चढला, गणपतीसमोरच. म्हटलं, “काका, तुमच्या वडिलांनी तुम्हाला स्वतः नेऊन सोडलं होतं. इथं मुलं पाठवली नाहीत तर आईबापांना शिक्षा करायचा कायदा होता. तुम्ही सुट्टीत घरी गेलात तेव्हा आजीशी बोलता येत होतं. यांना आपली भाषा बोलल्याबद्दल मार पडायचा.”

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “पोरी, घरची आठवण मलाही यायची.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. पण राग गेलेला नाही. कर्मवीर अण्णांमुळे आपल्याकडे बोर्डिंग म्हणजे गरिबाच्या पोराची सुटका. त्यामुळे दीड लाख मुलांना घरापासून तोडणाऱ्या शाळांविषयी ऐकतानाही आपल्या डोळ्यांपुढे आपलंच बोर्डिंग येतं. सरकारनं नेमलेल्या सत्य आणि सलोखा आयोगानं २०१५ मध्ये याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटलं. मुलांमधला आदिवासी संपवणं हाच त्या शाळांचा उद्देश होता.

‘आधी आपल्या पारध्यांचं वाचा’ हा टोमणा मात्र लागतो, कारण तो बरोबर आहे. पारध्यांसारख्यांना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा आणि आदिवासींना सरकारच्या मुठीत ठेवणारा कॅनडाचा १८७६चा इंडियन ॲक्ट एकाच साम्राज्यातले. आपल्याकडचा कायदा १९५२ मध्ये गेला. पारध्याच्या पोराकडे संशयानं बघणं गेलं नाही, आणि त्याचं खापर इंग्रजांवर फोडता येत नाही. पण म्हणून हे सोडून ते वाचा, हे मला पटत नाही. दोन्ही वाचते.

वाचून काय होतं? आयोगाच्या ९४ शिफारशींतली शेवटची नागरिकत्वाच्या शपथेविषयी होती. मी घेतलेल्या शपथेत आदिवासींचा उल्लेखच नव्हता. २०२१ पासूनच्या शपथेत त्यांचे करारांतले हक्क आले आहेत. माझ्या जावेनं ही नवी शपथ घेतली आणि विचारलं, “कुठले करार?” मी तिला १८१८चा करार वाचायला दिला. ज्यांच्यावरून आमच्या शहराचं नाव पडलं त्या मिसिसागा आदिवासींची जवळजवळ साडेसहा लाख एकर जमीन, वर्षाला ५२२ पौंड १० शिलिंगांच्या मालावर. आमची दोघींची घरं तिच्यातच येतात. याची फेड कशी करायची, हे मला सांगता आलं नाही. तिलाही नाही.