अनामत पाच रुपये

गणपतीला चार दिवस उरले होते आणि पाऊस पहाटेपासून थांबला नव्हता. रत्नागिरी शहराच्या कडेला, रेल्वे स्थानकाच्या रस्त्यापासून थोडे आत आमचे सार्वजनिक वाचनालय आहे आणि 1999 पासून मी तेथे ग्रंथपाल म्हणून काम करते. 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण सुरू झाल्यानंतर या भागात इमारती उभ्या राहिल्या. त्यापूर्वी येथे आंब्याच्या बागा, चिऱ्याची घरे आणि मधोमध वाचनालयाची एक खोली एवढेच होते. ही गोष्ट घडली ते वर्ष आमच्याकडे संगणकीकरणाचे होते. सुमारे 18,000 पुस्तकांवर बारकोड लावण्याचे काम चालू होते आणि पुस्तकांच्या खिशांतून काढलेली जुनी पुस्तकपत्रे, म्हणजे देवघेवीच्या नोंदींची कार्डे, गठ्ठे बांधून माझ्या टेबलाशेजारी रचून ठेवली होती. सणापूर्वी जागा मोकळी व्हावी म्हणून कार्यवाहांनी रद्दीवाल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावले होते.

सकाळी दहाच्या सुमारास पंचावन्नच्या आसपासचे एक गृहस्थ आले. छत्री बाहेर उभी करून, पाय पुसून ते आत आले आणि प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी एक पिवळी पडलेली पावती काढून माझ्यासमोर ठेवली. पावती आमच्याच वाचनालयाची, 1966 सालची, पाच रुपये अनामत जमा झाल्याची होती. सोबत त्यांच्या आईचे सभासदपत्र होते. त्याच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. आई गेल्याला चार महिने झाले होते. ते डोंबिवलीला राहतात, गणपतीसाठी गावी आले होते आणि आईची पेटी आवरताना ही पावती तिच्या मंगळसूत्राच्या डबीखाली सापडली, असे त्यांनी सांगितले.

"पैशांसाठी आलो नाही, ताई. आईचं येथे काही देणं राहिलं असेल तर ते पुरं करावं आणि तिचं खातं नीट बंद व्हावं, एवढंच," ते म्हणाले.

नाव वाचताच मी काकूंना ओळखले. मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारची झाकपाक झाल्यावर, तीन ते साडेतीनच्या दरम्यान त्या यायच्या. गेली पाच-सहा वर्षे गुडघ्यांमुळे त्यांचे येणे बंद झाले होते, परंतु त्यांची वर्गणी शेजारच्या मुलीच्या हाती दर वर्षी न चुकता येत असे.

अनामत म्हणजे काय आणि ती का घेतली जाते, हे त्यांना सांगणे मला भाग पडले, कारण त्यांच्या मनात वाचनालय म्हणजे सरकारी कचेरी असा समज होता. आपल्या राज्यातील बहुतेक सार्वजनिक वाचनालये लोकांनी स्थापन केलेल्या संस्थांची आहेत. आमच्या रत्नागिरीत 1828 साली नेटिव्ह जनरल लायब्ररी सुरू झाली, तिचेच पुढे नगर वाचनालय झाले, आणि तेव्हापासून ही रीत कोकणात रुजलेली आहे. 1967 साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम झाला आणि 1970 च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त वाचनालयांना त्यांच्या वर्गाप्रमाणे अनुदान मिळू लागले. मात्र 1948 च्या मद्रास कायद्यात जशी ग्रंथालय कराची तरतूद होती, तशी ती आपल्या कायद्यात नाही. त्यामुळे वृत्तपत्रांचा वाचनकक्ष सर्वांना मोफत खुला असला, तरी पुस्तक घरी न्यायचे तर मासिक वर्गणी आणि परत मिळणारी अनामत द्यावी लागते. ही अनामत संस्थेची मिळकत नसते. ती वाचकाची रक्कम असते, संस्था ती केवळ सांभाळते, आणि म्हणून साठ वर्षांनीही कोणी पावती घेऊन आले तर ती परत करणे हे आमचे कर्तव्यच आहे.

मी सभासद नोंदवही काढली. 1966 ची वही कापडी बांधणीची असून तिच्या पहिल्या काही पानांना कसर लागलेली आहे. पण काकूंचे पान शाबूत होते. अर्जाचा मजकूर त्या वेळच्या ग्रंथपालांच्या वळणदार अक्षरात होता आणि खाली सही काकूंची होती. ते गृहस्थ बराच वेळ त्या सहीकडे पाहत राहिले. आईचे लग्न त्याच वर्षी झाले होते. नवे आडनाव लिहिण्यास हात अजून सरावलेला नव्हता. पहिले अक्षर दोनदा गिरवलेले होते आणि शेवटचे ओळीखाली उतरले होते.

"लग्न होऊन आल्यावर सहा महिन्यांत तिनं हे केलं," ते म्हणाले. "पाच रुपये तिनं कुठून आणले असतील?"

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. त्या काळी या वाडीत घरात पुस्तक यायचे ते पुरुषाच्या नावावर. बाई वाचणारी असली तरी ती दिराच्या किंवा मुलाच्या कार्डावर वाचायची आणि काय आणायचे ते तोच ठरवायचा. त्या वहीत 1966 सालच्या नोंदींत स्वतःच्या नावाचे कार्ड असलेल्या स्त्रिया मी मोजल्या, तेव्हा काकूंसह त्या तीन निघाल्या, आणि उरलेल्या दोघी शाळेत शिक्षिका होत्या.

मग त्यांनी एक आठवण सांगितली. लहानपणी तांदळाच्या डब्यात मापटे घालायला हात घातला की तांदळाखाली पुस्तक लागायचे. पुस्तकाला नेहमी वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले असायचे, त्यामुळे त्याचे नाव त्यांना कधी दिसले नाही. आजी आणि काका घरात असताना ते बाहेर निघत नसे. हे सांगताना त्यांचे लक्ष माझ्या टेबलाशेजारच्या गठ्ठ्यांकडे गेले आणि ते काय आहे, असे त्यांनी विचारले. मी सहजपणे सांगून टाकले आणि पुढचा सगळा पेच त्यातूनच निर्माण झाला.

आमच्याकडे देवघेवीची जी पद्धत होती तिला नेवार्क पद्धत म्हणतात. अमेरिकेतील नेवार्क शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात 1900 च्या सुमारास ती रूढ झाली. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानाला एक कागदी खिसा असतो आणि त्यात पुस्तकपत्र ठेवलेले असते. वाचक पुस्तक नेतो तेव्हा त्या पत्रावर डाव्या रकान्यात परतीची तारीख आणि उजव्या रकान्यात त्याचा सभासद क्रमांक लिहून ते पत्र आम्ही ठेवून घेतो. पुस्तक परत आले की पत्र पुन्हा खिशात जाते. याहून थोडी जुनी अशी ब्राउन पद्धत आहे. नीना ब्राउन या ग्रंथपाल बाईंच्या नावाने ती ओळखली जाते. तीत पुस्तकाचे पत्र वाचकाच्या खिशासारख्या तिकिटात घालून ठेवतात आणि पुस्तक परत येताच दोन्ही वेगळी करतात, त्यामुळे कोणी काय वाचले याचा मागमूस राहत नाही. आमच्या पद्धतीत मात्र तो कायम राहतो. ज्या हातांनी पुस्तक नेले त्यांचा क्रमांक त्या पुस्तकाच्या खिशातच वर्षानुवर्षे बसून असतो.

ते चटकन उठले. "म्हणजे आईचा नंबर शोधला तर तिनं काय काय वाचलं ते कळेल! ताई, मी दिवसभर बसतो. गठ्ठे मी सोडतो, मीच परत बांधतो. आमची आई काय वाचत होती हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही."

त्यांचे डोळे भरून आले होते. बाहेर पाऊस, वाचनकक्षात तीन-चार म्हातारी माणसे, हातात वेळ, आणि समोर एक मुलगा ज्याला आपल्या आईची ओळख करून घ्यायची आहे. माझाही हात पहिल्या गठ्ठ्याच्या सुतळीवर गेला होता. खरे तर काकूंचा क्रमांक कोणत्या पुस्तकाच्या पत्रावर पुन्हापुन्हा आहे हे मला शोधावे लागणार नव्हते. मला ते माहीत होते, कारण ते पुस्तक मीच अनेकदा त्यांच्या हाती दिले होते.

तेवढ्यात मला दोन गोष्टी आठवल्या. पहिली माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी मला पदभार देताना सांगितलेली. एका बाईंचे दीर वाचनालयात येऊन, आमच्या घरातली बाई काय नेते ते दाखवा, म्हणून टेबलावर हात आपटून गेले होते, आणि वर्गणी बंद करण्याची धमकी देऊनही ग्रंथपालांनी त्यांना पत्र दाखवले नव्हते. नाव त्यांनी मला कधी सांगितले नाही. दुसरी गोष्ट काकूंच्या तोंडची. मी नोकरीला लागल्याच्या पहिल्याच पावसाळ्यात पुस्तकाला कव्हर घालता घालता त्या मला म्हणाल्या होत्या, "माझ्या नंबरावर काय काय गेलंय ते कोणी विचारलं तर सांगू नकोस हो. घरच्यांनी विचारलं तरी."

मी हात सुतळीवरून काढला आणि त्यांना बसायला सांगितले. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या 1939 च्या नीतिसंहितेत, वाचकांशी आलेल्या संबंधातून मिळालेली खाजगी माहिती गोपनीय ठेवणे हे ग्रंथपालाचे बंधन मानले आहे, हे मी अभ्यासक्रमात शिकले होते. परंतु त्या घडीला मला संहितेपेक्षा काकूंचे शब्द जवळचे होते. ते मी त्यांना जसेच्या तसे सांगितले.

ते दुखावले. "मी परका आहे का? आता ती नाही. कोणाला त्रास होणार आहे यानं?"

त्यांचे म्हणणे चूक होते असे मला आजही वाटत नाही. माणूस गेल्यावर त्याची पत्रे, वह्या, दागिने मुलांकडे जातात, मग वाचनच का जाऊ नये, हा प्रश्न मी नंतर अनेक रात्री स्वतःला विचारला आहे. मला इतकेच कळत होते की काकूंनी "घरच्यांनी विचारलं तरी" हे शब्द विचार करून उच्चारले होते, त्यांना "मी असेपर्यंत" अशी पुस्ती जोडली नव्हती, आणि त्या शब्दावर विसंबून त्या पुढे वीस वर्षे माझ्याकडून पुस्तके नेत राहिल्या होत्या. तो शब्द मोडण्याची परवानगी आता मला कोणीही देऊ शकत नव्हते.

जे साऱ्यांना दिसत होते ते मात्र मी त्यांना मनापासून सांगितले. काकू खिडकीजवळच्या बाकाच्या उजव्या टोकाला बसायच्या. नवे पुस्तक घेतले की आधी शेवटची दोन पाने वाचायच्या. पुस्तकाचे पान कोणी दुमडलेले दिसले की त्या ते नखाने सरळ करायच्या आणि मगच पुढे वाचायच्या. साठ वर्षांत त्यांच्या नावावर एकही पुस्तक थकीत राहिले नाही की हरवले नाही. ते ऐकत राहिले आणि मग उठून त्या बाकाच्या उजव्या टोकाला जाऊन बसले. मी त्यांना तेथे एकटे सोडले.

अकराच्या पुढे त्यांनी खर्चाच्या पावतीवर सही केली. मी पाच रुपयांचे नाणे त्यांच्या हातावर ठेवले आणि नोंदवहीत काकूंच्या नावापुढे "अनामत परत, खाते बंद, येणे नाही" असे लिहून तारीख घातली. झिजलेले सभासदपत्र नियमाप्रमाणे आम्ही जमा करून घ्यायला हवे होते; ते मी त्यांना परत दिले आणि तसे शेऱ्यात लिहिले. जाताना त्यांनी हात जोडले, पण ते फारसे बोलले नाहीत.

ते गेल्यावर मी गठ्ठ्यांकडे पाहिले आणि मला घाम फुटला. एका मुलाला जे मी दाखवले नव्हते, तेच दुसऱ्या दिवशी सकाळी मी किलोच्या भावाने रद्दीवाल्याला देणार होते. या वस्तीत कोणाचा कोणता क्रमांक हे जुन्या माणसांना पाठ असते. त्या पत्रांत भेळ-शेंगदाण्याच्या पुड्या बांधून बाजारात गेल्या असत्या. मी कार्यवाहांना फोन करून रद्दीवाल्याला थांबवले. गणपतीनंतर कार्यकारी मंडळाच्या सभेत यावर बरीच चर्चा झाली. गावाच्या इतिहासाची आवड असलेल्या एका सदस्यांनी ही पत्रे जपावीत असे ठासून सांगितले, आणि त्यांचेही खरे होते, कारण एखादे पुस्तक कोणत्या वर्षी किती हातांत गेले याची नोंद दुसरीकडे कोठेही नाही. शेवटी पुस्तकांची देवघेव पाहणाऱ्या आमच्या निर्गम सहायकानेच मार्ग सुचवला: पत्र उभे कापावे, तारखांचा डावा रकाना ठेवावा आणि क्रमांकांचा उजवा रकाना फाडून भिजवून टाकावा. ज्या पत्रांच्या पाठीवरही नोंदी आहेत तेथे हे जमत नाही, कारण पुढच्या तारखांच्या मागे नेमके क्रमांक येतात. अशा पत्रांवरील तारखा आम्ही नव्या पट्टीवर उतरवून घेतो आणि मूळ पत्र नष्ट करतो. संगणकाकरिता आम्ही न्यूझीलंडमध्ये 2000 साली प्रथम वापरात आलेली कोहा ही मोफत प्रणाली घेतली आहे. पुस्तक परत आल्यावर वाचकाचे नाव त्या नोंदीपासून तोडण्याची सोय तिच्यात आहे आणि ती आम्ही पहिल्याच दिवशी चालू केली.

काकूंच्या त्या पुस्तकाचे पत्र मी कोणाच्या हाती न देता स्वतः कापले. ते दोन्ही बाजूंनी भरलेले होते. तारखा उतरवून घ्यायला मला अर्धा तास लागला. पहिली 1967 सालची होती. नवी पट्टी खिशात सरकवून मी पुस्तक पुन्हा त्याच्या जागी ठेवले.