निरगाठ की सुरगाठ?

नागपुरात होळी झाली की कूलर निघतात. आमचा लोखंडी कूलर जिन्यातून वळत नाही, म्हणून दरवर्षी गच्चीवरून दोराने ओढून दुसऱ्या मजल्याच्या खिडकीशी न्यायचा. यंदा जुना जाड सुती दोर कमी पडला. इतवारीतून नायलॉनचा आणला आणि दोन्ही मीच जोडले. शाळेत स्काउटमध्ये शिकलेली रीफ नॉट: उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर. देखणी गाठ! कूलर पहिल्या मजल्याच्या सज्जाला अडला, दोर क्षणभर ढिला पडला, आणि पुन्हा ताण देताच नायलॉन सर्रकन निसटलं. कूलर सज्जावरच टेकला, म्हणून खालचे शेजारी अजून माझ्याशी बोलतात.

काटोलहून आलेले मामा म्हणाले, "हे गाठ पुडा बांधाची हाये लेका. इच्यावर कूलर काहून टांगला?"

खरंच होतं. ती सपाट बसते, एक टोक उलटं खेचलं की सुटते. मलमपट्टीला याहून चांगलं काय? पण वजन पेलणारे दोन दोर जोडायला तोच गुण घातक. मामांनी सुती दोर दुमडला, नायलॉन त्या घडीतून वर काढून तिच्याभोवती दोनदा गुंडाळला, शेवटी स्वतःच्याच खाली दाबला. वीतभर शेपूट मुद्दाम ठेवलं. स्काउटवाले हिला डबल शीट बेंड म्हणतात. मामांकडे तिला नाव नव्हतं.

चहा पिताना विषय बैलांवर गेला. दावं एकच, पण गळ्याशी न सरकणारी निरगाठ आणि खुंट्याशी टोक ओढताच सुटणारी सुरगाठ. उलट केलं तर गळ्याला फास, आणि गोठ्याला आग लागली तर खुंट्याशी नखं मोडत बसा. "पन सुरगाठीचं टोक बैल चघळते," मामा हसले. ते टोक फासातून ओवलं की बैल सुटत नाही. मात्र मग तुम्हालाही तो झटक्यात सोडता येत नाही.

गिर्यारोहक मित्राचंही असंच त्रांगडं. बोलाइन, म्हणजे न आवळणाऱ्या फासाची गाठ, कितीही ताणली तरी नंतर सहज सुटते, पण ढिल्या, हलत्या दोरात आपसूकही सैल होऊ शकते. कमरेला तो आठाच्या आकड्याची गाठ मारतो. ती चुकली तर लांबूनही दिसते. वजन पडल्यावर सोडताना मात्र दात लावतो.

रात्री सहज बूट पाहिले. लेसचं फूल बुटावर आडवं बसायला हवं, माझं उभं. म्हणजे दोन्ही वेळा उजवंच डाव्यावर. फुटाळा तलावावर फिरताना सुटलेली लेस बांधायला रोज दोनदा वाकतो मी, आणि आजवर तीनदा लेस बदलल्यात.