कारवानी, नोंद ७: तांबडीचा बाप पाहिला आणि सगळं फिसकटलं

तांबडी रद्द. कारवानी म्हणजे आपल्या दख्खनच्या सडपातळ शिकारी कुत्र्याची जात, आणि तिचं अस्सल पिल्लू मी शोधतोय. तांबडी त्यातलंच एक पिल्लू. मागच्या नोंदीत जिचं इतकं कौतुक केलं होतं, जिच्यासाठी तीन हजार टोकन देऊन बसलो होतो, ती आता घरी येणार नाही. नऊ महिने शोधतोय, हे नववं लिटर (म्हणजे एका वेताची पिल्लं), आणि याच वेळी मनापासून वाटलं होतं की झालं, सापडलं. दोन दिवस कुणाशी बोलावंसंही वाटलं नाही. आज लिहितोय, कारण रविवारी दुसऱ्या एका ठिकाणी असं काही पाहिलं की पुन्हा उभारी आली.

आधी तांबडीचं. आईबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. निमुळतं लांब तोंड, डोक्याला चिकटून लोंबणारे कान, सपाट पाठ, कातडीखाली बरगड्या मोजता याव्यात असं अंग. अडचण बापाची. मालक दर वेळी वेगळं सांगायचा. रानात गेलाय, पाहुण्यांकडे दिलाय, गाडीत बसवला की उलट्या करतो. तीन खेपा मी ऐकून घेतलं, कारण फोटोत तो देखणा दिसत होता. चौथ्या खेपेला म्हटलं, बाप पाहिल्याशिवाय उरलेले पैसे देणार नाही. तासाभरानं पिकअपमधून आणला.

फळी खाली पडली तसा तो उडी मारून सरळ माझ्याकडे आला. शेपटी हलवत. माझ्या तळहातात नाक घातलं आणि गुडघ्याला अंग घासलं. माझं काळीज तिथंच खाली गेलं. ज्यांनी कारवानी पाळलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. तो अनोळखी माणसाला असा भेटत नाही. लांब उभा राहतो, बघतो, तुम्ही हात पुढे केला तर मान वळवतो. मग एकेक दिसत गेलं. निवांत उभा राहिला की कान मागे दुमडून पाकळीसारखे मिटत होते. कंबर धनुष्यासारखी उचललेली. मांड्या इतक्या भरलेल्या की मागून पाहिलं तर दुसराच कुत्रा वाटावा. मी विचारल्यावर मालक शांतपणे म्हणाला, "एक पिढी मागं ग्रेहाउंड लावलाय. शर्यतीला बरं पडतं. सगळेच लावतात."

टोकनातलं अर्धं परत मिळालं. तो विषय संपला.

ग्रेहाउंडशी, म्हणजे त्या विलायती शर्यतीच्या कुत्र्याशी, माझं भांडण नाही. काही शे मीटरच्या पल्ल्यात त्याच्यापुढे कुणी टिकत नाही. ताशी साठ किलोमीटरच्या वर सहज जातो. पण तो त्या कामासाठी घडलाय. कारवानी घडला तो दख्खनच्या माळावर, दगडगोट्यांत, एप्रिलच्या उन्हात, लांब पल्ल्यासाठी. ती चिकाटी आणि तो काटकपणा पिढ्यान्‌पिढ्या धनगरांनी, माळावरच्या शेतकऱ्यांनी जपला. एका पिढीच्या शर्यतीसाठी तो पातळ करायचा आणि वर पिल्लू 'अस्सल कारवानी' म्हणून विकायचं, हे मला पटत नाही. कागदाचाही उपयोग मर्यादित. एका संस्थेच्या कागदावर 'कॅराव्हॅन हाउंड', दुसऱ्या संस्थेच्या कागदावर 'मुधोळ हाउंड', कुत्रा तोच. पण फॉर्म भरताना बापाच्या रकान्यात जे लिहिलं गेलं ते खरं होतं का, हे कागद सांगत नाही.

आता मूळ अडचण, जिनं माझे नऊ महिने खाल्ले. पाच-सहा आठवड्यांच्या पिल्लात भेसळ ओळखायची कशी?

माझ्या वहीत मी तपासणीचे मुद्दे लिहून ठेवले होते. एकेक करून सगळे गळाले. कान? या वयात कारवानी आणि ग्रेहाउंड दोघांचेही लोंबतात. दात बदलताना, म्हणजे चौथ्या-पाचव्या महिन्यात, तेच कान कधी उभे, कधी आडवे, रोज नवं काहीतरी. पाठ? दूध पिऊन पोट टम्म झालेल्या पिल्लाची पाठ कशी आहे हे सांगणारा मला भेटला तर मी त्याचा शिष्य होईन. त्यातून पोटात जंत असले तर आकार आणखीच फसवा. छाती, मांड्या, खुब्याची हाडं यांतलं काहीच तेव्हा तयार नसतं. रंग तर सोडूनच द्या. वजनावर मी फार भिस्त ठेवली होती, दोन लिटरची आठवड्याआड वजनं घेतली, तक्ते केले. त्यातून एवढंच कळलं की भरपूर दुधाच्या स्तनावर कोण टिकून राहतं. रक्ताविषयी काही नाही.

फोटोंचं तर नावच नको. मागचे पाय ताणून, हनुवटी वर धरून उभा केलेला कुठलाही सडपातळ कुत्रा फोटोत कारवानी दिसतो. यापुढे मी फोटो मागणारच नाही. चालतानाचा, बाजूनं काढलेला, दोन मिनिटांचा व्हिडिओ मागणार, तोही फक्त जायचं की नाही हे ठरवण्यापुरता.

मग रविवारी सांगोल्याच्या पुढं एका वस्तीवर गेलो. माळेगावच्या यात्रेत भेटलेल्या एकानं पत्ता दिला होता. तिथले मामा सत्तरीचे असतील. शेळ्या आहेत, थोडी मेंढरं आहेत, आणि कारवानी त्यांच्या आजोबांपासून. मी वही काढली तसे म्हणाले, "आरं लेकरा, पिल्लाचं काय बघतूस? त्याची आय बघ, बा बघ, आन्‌ मागल्या येताची पोरगी हितंच हाय, ती बघ. मग पिल्लू डोळं झाकून उचल."

मागच्या वेताची पोरगी! इतके महिने मला हे सुचलं नव्हतं. तेच नर-मादी, तेच रक्त, चौदा महिन्यांची वाढलेली कुत्री समोर उभी. तिचं नाव हरणी. कान डोक्याला चिकटलेले. पाठ सरळ. मामांनी तिच्या कमरेवर हात ठेवून खुब्याच्या दोन हाडांमध्ये आपली चार बोटं आडवी बसवून दाखवली. मी जवळ गेलो तर चार पावलं मागे सरकली, भुंकली नाही, नजर मात्र हलवली नाही. बाप शेजारच्या वस्तीवर होता, पंधरा मिनिटं चालत जाऊन पाहून आलो. त्यानं तर मला दहा फुटांच्या आत येऊच दिलं नाही. इतका आनंद मला कुणी जवळ येऊ न दिल्याचा आजवर झाला नव्हता.

पिल्लं पाच: तीन नर, दोन माद्या, वय साडेपाच आठवडे. आई वीसेक फुटांवर पडून होती. मी खाली बसलो तशी ती उठली आणि कसलाही आवाज न करता माझ्या आणि पिल्लांच्या मध्ये येऊन उभी राहिली. मामांनी नाव घेऊन हाक मारल्यावरच बाजूला झाली.

मी चार मीटर सुतळीला चिंधी बांधून नेली होती. निळी. लाल मुद्दाम टाळली, कारण कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट दिसतो, लाल त्याच्यासाठी मळकट तपकिरीत मिसळून जातो. मातीवर तर दिसतच नसेल. पहिल्या लिटरला मी लाल चिंधी वापरली होती आणि कुणी बघत नाही म्हणून खट्टू झालो होतो. ती पिल्लं निर्दोष होती.

चिंधी अंगणातून ओढली. एक धीट नर पहिल्याच क्षणी झेपावला, तोंडात धरून गुरगुरायला लागला. सगळे सांगतात तसाच, 'आधी धावत येतो तो घ्या'. सोडवून घेतली, पुन्हा ओढली, या खेपेला गव्हाणीच्या मागे नेली. चिंधी दिसेनाशी झाली तसा धीट नर थांबला, इकडेतिकडे पाहिलं आणि भावाचा कान चावायला गेला. तिघांचं तेच. एक सावळी मादी मात्र तोवर जागची हलली नव्हती. ती नुसती बघत होती. चिंधी गव्हाणीच्या डाव्या अंगाला गडप झाली, तिनं दोन क्षण मान तिरकी केली आणि उजव्या अंगानं निघाली. डगमगत, पोट जमिनीला घासत, पण थेट गव्हाणीच्या त्या टोकाला जाऊन उभी राहिली, जिथून चिंधी बाहेर यायला हवी होती. मी सुतळी ओढली. चिंधी तिच्या पायांपाशीच आली.

वासानं गेली असेल म्हणून पुन्हा केलं, दुसऱ्या बाजूनं, कोरी चिंधी लावून. चारपैकी तीन वेळा ती आधी जाऊन थांबली. एकदा तिला झोप आली होती.

माझ्यासाठी निवड इथं झाली. हा नजरेवर चालणारा कुत्रा, साइटहाउंड. समोरचं दिसतंय तोवर सगळेच पळतात. ते झुडपाआड गेल्यावर कुठून निघेल हे डोक्यात धरून ठेवणारा वेगळा. धीट नर उत्तम कुत्रा होईल, पण मला पहिल्या कुत्र्यात धसमुसळेपणापेक्षा लक्ष हवं आहे. परत बोलावणं शिकवताना तेच कामाला येईल.

प्रत्यक्ष शिकारीविषयी नव्यानं आलेल्यांसाठी एकदाच: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती बंद आहे, आणि जिवंत ससा बांधून सराव देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात बसत नाही, माणुसकीतही बसत नाही. आपण पळवायचं ते चिंधीमागे. याबाबतीत मला वाद नको.

चिंधी ओढायच्या यंत्राची प्रगती थोडक्यात, कारण ती छान झाली. जुनी सायकल उलटी ठेवून मागचं चाक टायर काढून रिळासारखं वापरलं. साखळीच्या पुढच्या चक्राला ४४ दात, मागच्याला १८. पॅडलला हातानं मिनिटाला नव्वद फेरे दिले की सुतळी ताशी २३-२४ किलोमीटरनं गुंडाळली जाते. पिल्लासाठी भरपूर. सुतळी म्हणून पतंगाचा मांजा कुणी वापरू नका, पाय कापतो. जाड नायलॉन घ्या. आणि साध्या पट्ट्याचा नाद सोडा. या कुत्र्यांची मान डोक्यापेक्षा रुंद, मान मागे ओढली की पट्टा निघून येतो. मी बॅगा शिवणाऱ्या एका कारागिराकडून दोन इंच रुंदीचा मार्टिंगेल, म्हणजे ओढल्यावर थोडा आवळणारा पट्टा, शिवून घेतलाय, आतून मऊ कापड लावून. दुकानातल्या तयार मालापेक्षा कितीतरी सरस. डॉक्टरही सापडले, मी काही बोलायच्या आधीच त्यांनी विचारलं, "साइटहाउंड आहे ना? मग भूल देताना थायोपेंटोन नको, अंगावर चरबी नसते, लवकर उतरत नाही." तिथेच नाव नोंदवून आलो.

इथवर लिहून झाल्यावर काल रात्री मनात आलं, पिल्लूच कशाला? हरणीच का नको? तिच्यात अंदाजाला जागाच नाही, सगळं डोळ्यांसमोर आहे. मामाही म्हणाले होते, "हिलाच न्ये की." रात्रभर तोच विचार. सकाळी स्वतःशी प्रामाणिकपणे मांडलं. हरणीला गळ्यात पट्टा माहीत नाही. तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात पिल्लू जे पाहतं ते त्याला आपलं वाटतं, आणि हरणीनं त्या दिवसांत शेळ्या, माळ आणि मामा एवढंच पाहिलंय. स्कूटर, जिना, कुकरची शिट्टी हे तिच्यासाठी संकट. अनुभवी माणूस तिला सावरून घेईल. मी पहिल्यांदा पाळतोय. माझ्या शिकण्याची किंमत तिनं का मोजावी? कर्नाटकात मुधोळजवळ तिम्मापूरला कुत्र्यांचं संशोधन केंद्र आहे, तिथून पिल्लू घ्यायचा बेतही आता मागे ठेवतोय.

तर सावळीच. पण हरणीवरून दुसरी कल्पना सुचली, आणि तिनं पुढच्या आठवड्याचा बेतच बदलला. हरणीला चिंधीमागे पळवून बघायचं! सावळी वर्षभरानं कशी पळेल हे तिच्या सख्ख्या बहिणीत आत्ताच दिसेल: वळताना पाय कुठे टाकते, किती वेळात दम लागतो, चिंधी गडप झाल्यावर काय करते. सावळीला स्वतःला वर्ष-सव्वा वर्षाची होईस्तोवर जोरात वळणं देणार नाही, हाडांची वाढ व्हायची असते. हरणीला आता हरकत नाही.

फक्त तिला २४ चा वेग पुरणार नाही. म्हणजे दिवाळीनंतर हातात घ्यायचं ठरवलेलं स्टार्टर मोटरचं काम आत्ताच काढावं लागणार. भंगारातून मारुतीचा एक स्टार्टर आणलाय, बॅटरी घरातलीच. ही मोटर सलग चालवली की तापते, त्यामुळे वीस-पंचवीस सेकंदांची एक फेरी आणि मग बराच वेळ विश्रांती. हरणीलाही तेवढंच हवं. रिळ बसवायला दांड्यावर फ्लॅंज (चकती) वळवून घ्यायचाय, लेथवाला शुक्रवार म्हणतोय.

मामांना फोन केला. पिल्लू आठ आठवडे पुरे झाल्याशिवाय नेणार नाही, नियमही तोच आहे, हे सांगितलं तर त्यांना बरंच वाटलं. तोवर दर रविवारी मी जाणार, सावळीपाशी तासभर नुसता बसणार. माझा जुना शर्ट पिल्लांच्या अंथरुणात ठेवून आलोय. मग यंत्राचं सांगितलं, दीडशे मीटर सरळ जागा लागेल म्हटलं. वस्तीमागं आहे, पण मधोमध बोरीचं झुडूप येतं. मी विचारलं, कोयता घेऊन येऊ का?

"त्वाडू नगंस," मामा म्हणाले. "चिंधी त्याच्या मागनं काढ. मग बघ हरणी कुठल्या अंगानं येतीया ती."