स्वतःचंच घड्याळ चोरणारा माणूस

दुपारी जेवण झाल्यावर झोप यावी म्हणून भाचीचं लॉचं पुस्तक चाळायला घेतलं आणि झोपच उडाली. चोरीचं कलम, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेतलं ३७८ आणि आता भारतीय न्याय संहितेतलं ३०३, त्याखाली १८६० पासूनची उदाहरणं आहेत. एकाने आपलं घड्याळ दुरुस्तीला दिलंय, पैसे चुकते केलेले नाहीत म्हणून दुकानदाराने ते अडकवून ठेवलंय, आणि हा पठ्ठ्या पैसे बुडवायच्या हिशेबाने ते उचलून आणतो. चोरी! स्वतःच्या घड्याळाची! आणि काही देणं लागत नसेल, भर दुकानात शिरून हातातून हिसकावून घेतलं, तर बाकीची कलमं लागतील पण चोरी नाही. कारण जे घेतलं त्यावर हक्क त्याचाच होता. कायद्याचं ‘राँगफुल’, म्हणजे गैर, एवढंच बघतं, हक्क कोणाचा. शोभतं का, चारचौघांत काय म्हणतील, हा विषयच नाही.

आमच्याकडे हे खातं आजीकडे होतं. नैवेद्याआधी चकलीच्या डब्यात हात गेला की संपलं. चकली घरची, केली आमच्यासाठीच, तळताना सोऱ्या धरायला मीच बसलेलो, हक्काचं म्हणाल तर पुरेपूर होता, तरी दिवसभर कोणी धड बोलायचं नाही. जुनं कलम ९५, म्हणजे आताचं ३३, म्हणतं की साधारण समजुतीचा आणि साधारण स्वभावाचा माणूस तक्रार करणार नाही इतकं किरकोळ नुकसान असेल तर तो गुन्हाच नाही. आजीचा स्वभाव साधारण होता असं आमच्या घरात कोणीच म्हणणार नाही.

पण माझं डोकं फिरलं ते पुढच्या उदाहरणावर. मित्र घरात नसताना त्याच्या कपाटातलं पुस्तक वाचायला नेलं, परत द्यायचा विचार आहे, त्याची हरकत नसेल असंही वाटतंय, तर चोरी नाही. अहो, परत द्यायचा विचार सगळ्यांचाच असतो! माझं अर्धं कपाट अशाच विचारवंतांच्या घरी आहे, काही तर बदली होऊन गाव सोडून गेले, पुस्तकांसकट. भाची म्हणते, मामा, सगळा खेळ इंटेन्शनचा असतो. असेल बुवा. परवा एकाला फोन केला तर म्हणाला, अरे शेवटची थोडी पानं राहिलीत.