बोलता येईल इतकंच धावा

गुहागरात राहून धावायला सुरुवात करायची असेल तर घड्याळाआधी तिथी बघावी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आपल्याकडचा जुना हिशोब. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. म्हणजे पौर्णिमेच्या आणि अमावास्येच्या आसपास सकाळी सहाला चांगली ओहोटी असते आणि ओली, टणक पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, लांबच लांब मोकळी मिळते. अष्टमीला भांगाची भरती फार वर येत नसली तरी तो टणक पट्टा अरुंद होतो, आणि मग पाय आपोआप सुरूच्या बनाकडच्या भुसभुशीत वाळूत जातात. नवख्या माणसाने तिथे धावू नये. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ साली हे मोजून दाखवलं आहे: वाळूत धावायला टणक जमिनीपेक्षा सुमारे १.६ पट ऊर्जा लागते. अष्टमीच्या दिवशी आम्ही सरळ संध्याकाळपर्यंत थांबत नाही, कारण तेव्हाही भरतीच असते. त्या दिवशी गावातल्या रस्त्याने चालून येतो.

आम्ही म्हणजे मी आणि माझी नणंद. वन्संनी पन्नाशी ओलांडली आहे. डॉक्टरांना विचारून, गुडघे दाखवून मगच त्यांनी बूट घेतले. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "वहिनी, माझ्यात दमच नाही गं." हे वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलंय की आता मला त्याचं वाईट वाटतं. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या, आंब्याच्या दिवसांत पेट्या उचलणाऱ्या बाईत दम नाही असं कसं होईल? त्या फक्त फार जोरात धावत होत्या. सुरुवात करणारे जवळजवळ सगळेच तसं धावतात, धाप लागली की थांबतात, आणि दोष स्वतःच्या शरीराला देतात.

म्हणून आम्ही एक नियम केला. धावताना वन्संनी मला काहीतरी सांगायचं. कुयरीच्या, म्हणजे कोवळ्या फणसाच्या भाजीत काय काय घालायचं, चिपळूणला कोण भेटलं, काहीही. वाक्य मध्ये न तुटता पूर्ण झालं पाहिजे. दोन-दोन शब्दांवर श्वास अडकायला लागला की वेग कमी करायचा, तरी अडकला तर चालायचं.

"वहिनी, बोलू की धावू?"

"दोन्ही, वन्सं. दोन्ही जमेना तर चाला."

एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, इथून आम्ही सुरू केलं. चालणं म्हणजे हार नव्हे. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेले अमेरिकेचे जेफ गॅलोवे नवख्यांना हीच पद्धत शिकवत. असं सावकाश धावतानाच खरं काम होत असतं: हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला शिकतं, स्नायूंमधल्या केशवाहिन्या वाढतात, पेशींमधली ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया वाढतात. हे सगळं व्हायला आठवडे लागतात. आणि श्वास लवकर सुधारतो, पण हाडं आणि स्नायूबंध मागून येतात. "आज खूप छान वाटतंय, अजून एक फेरी मारू" असं वाटतं त्याच सुमारास नडग्या दुखायला लागतात. त्या दिवशी मी वन्संना हाताला धरून परत फिरवते.

पुळणीला समुद्राकडे उतार असतो. गावातल्याच वरच्यापाट या भागाकडे जाताना एक पाय खाली पडतो, परतताना दुसरा. म्हणून जितकं जायचं तितकंच त्याच वाटेने परत यायचं.

मार्चनंतर आपल्या हवेत घाम येतो पण वाळत नाही. घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही, मग हृदयाला पायांबरोबर कातडीकडेही जास्त रक्त पाठवावं लागतं. जानेवारीत सहज जमलेलं अंतर एप्रिलमध्ये जड जातं ते यामुळे. मेहनत वाया गेलेली नसते. वेग उतरवावा, दहा-पंधरा दिवसांत शरीर बऱ्यापैकी सरावतं. घरी आलं की मीठ घातलेली पेज प्यावी, माझ्या मते तिच्याइतकं दुसरं काही चांगलं नाही.

पावसाळ्यात खवळलेल्या समुद्राजवळ आम्ही जात नाही. तेव्हा चिपळूण रस्त्याचा चढ आहेच. पाऊस थांबला की तो आम्ही झपझप चालत चढतो, पोटऱ्या आणि छाती दोन्हीला तो पुरतो, आणि गाड्या दिसाव्यात म्हणून उजव्या बाजूने जातो. वन्संना मात्र हा चढ धावतच चढायचा आहे. त्यांनी वरच्या वळणावरचं एक झाडही ठरवून ठेवलंय. मी त्यांना पुढच्या पावसाळ्याचं वचन दिलंय.